विकत घेतलेला खेळ सर्व्हरबरोबर कायमचा बंद करण्याविरुद्ध तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय: पूर्ण किंमत मोजून घेतलेला, एकट्याने खेळायचा खेळ बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध तक्रार आणि ऑफलाइन अपडेट किंवा पूर्ण परताव्याची मागणी.

महोदय,

मी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, केळशीजवळच्या एका वाडीत राहते. आपल्या कंपनीचा कथाप्रधान साहसखेळ मी अधिकृत विक्रेत्याकडून डिस्कच्या स्वरूपात 4,999 रुपयांना विकत घेतला आणि त्याचे दोन पूरक भाग नंतर आपल्याच ऑनलाइन स्टोअरमधून घेतले. खेळ मला आणि माझ्या दोन्ही मुलांना मनापासून आवडला आणि आजही आवडतो. त्याची कथा, चित्रण आणि संगीत यांबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. माझी तक्रार आपल्याकडून अलीकडे आलेल्या ईमेलबद्दल आहे. या वर्षअखेरीस खेळाचे सर्व्हर, म्हणजे खेळ ज्यांच्याशी इंटरनेटवरून जोडला जातो ते आपले संगणक, बंद होतील, त्यानंतर खेळ सुरूच होणार नाही आणि पूरक भागांचे पैसे परत मिळणार नाहीत, असे त्यात चार ओळींत कळवले आहे. हे पूरक भाग आपल्या स्टोअरमध्ये त्या घोषणेच्या आदल्या आठवड्यापर्यंत सवलतीच्या दरात विक्रीला होते, हीदेखील आपण नोंद घ्यावी अशी बाब आहे.

हा खेळ एकट्याने खेळायचा आहे. त्यात दुसरा खेळाडू भेटत नाही, स्पर्धा नाही, गुणांची जागतिक यादी नाही. जी कथा उलगडते ती माझ्या घरातल्या कन्सोलवर, त्याच्याच प्रोसेसरच्या बळावर उलगडते. सर्व्हरकडे माझ्या माहितीप्रमाणे दोनच कामे आहेत: खेळ सुरू करताना खात्याचा परवाना तपासणे आणि खेळाची प्रगती आपल्याकडे जतन करून ठेवणे. त्यातले पहिले काम कंपनीच्या सोयीचे आहे आणि दुसरे काम कन्सोलच्या स्वतःच्या साठवणुकीत सहज होऊ शकते, कारण वर्षानुवर्षे एकट्याने खेळायच्या बहुतेक खेळांमध्ये ते तसेच होत आले आहे. म्हणजे ज्या सर्व्हरवाचून खेळ चालू शकत नाही असे आपण म्हणता, त्या सर्व्हरची गरज खेळाला मुळात नव्हती. ती आपण निर्माण केली आणि आता तीच कारण म्हणून पुढे करून खेळ बंद करत आहात.

या सक्तीचा जाच आम्ही घोषणेच्या कितीतरी आधीपासून सोसत आहोत, आणि तो शहरातल्या कार्यालयात बसून लक्षात येणार नाही म्हणून सविस्तर लिहिते. आमच्याकडे इंटरनेटची तार विजेच्या खांबांवरून नारळी-पोफळीच्या वाड्यांतून येते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत झावळी किंवा फांदी पडून ती तुटणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि वीज फार वेळ गेली की मोबाइलचा टॉवरही बंद पडतो. जून 2020 मधील निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. अशा दिवसांत मुलांना घराबाहेर पडता येत नाही, शाळा बंद असतात, आणि इन्व्हर्टरवर तास-दोन तास टीव्ही आणि कन्सोल चालू शकतो. नेमक्या त्याच वेळी, डिस्क यंत्रात घातलेली असताना, आपला खेळ ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही’ एवढे दाखवून थांबतो. खरे तर डिस्क विकत घेण्यामागे माझा एकच हेतू होता, तो म्हणजे इंटरनेट नसतानाही खेळता यावे.

डिस्कबद्दलही मला सांगायचे आहे. खोक्यातली डिस्क घातल्यावर 90 जीबीहून अधिक डाउनलोड करावे लागले, कारण डिस्कवर पूर्ण खेळ नव्हताच. आमच्याकडे प्रत्यक्ष मिळणारा वेग चार एमबीपीएसच्या आसपास असतो, त्या वेगाने 90 जीबी उतरवायला सलग पन्नास तास लागतात, आणि सलग पन्नास तास लाइन राहणे पावसाळ्यात जवळपास अशक्य आहे. हा प्रकार केवळ आपल्या कंपनीपुरता नाही, याची मला कल्पना आहे. मे 2025 मध्ये आलेल्या ‘डूम: द डार्क एजेस’ या खेळाच्या डिस्कवर जेमतेम 85 एमबी डेटा असल्याचे प्रसिद्ध झाले होते. त्याच वर्षी जूनमध्ये बाजारात आलेल्या निन्टेंडोच्या ‘स्विच 2’साठी तर ‘गेम-की कार्ड’ नावाचा प्रकारच आहे, ज्यात कार्डावर खेळ नसतो, केवळ तो डाउनलोड करण्याची किल्ली असते. मात्र त्या कार्डाच्या खोक्यावर ही गोष्ट दर्शनी भागात छापलेली असते. आपल्या खोक्यावर मागच्या बाजूला, इतर सूचनांच्या गर्दीत, ‘इंटरनेट आवश्यक असू शकते’ असे लिहिले आहे. ‘आवश्यक असू शकते’ आणि ‘इंटरनेटशिवाय व सर्व्हर बंद झाल्यावर हा खेळ कधीही चालणार नाही’ या दोन विधानांत जे अंतर आहे, ते मोजून ग्राहकाने 4,999 रुपये द्यायचे की नाही हे ठरवले असते.

गणपतीत मुंबईहून येणारे चाकरमानी पूर्वी खेळांच्या डिस्क घेऊन येत आणि एकच डिस्क अख्ख्या वाडीत फिरे. एका घरातला खेळ संपला की शेजारच्या घरात जाई. ज्या मुलांच्या घरी नवा खेळ घेणे शक्य नव्हते त्यांनाही तो अशा रीतीने खेळायला मिळाला, आणि त्यांतलीच काही मुले पुढे कमावती झाल्यावर आपली ग्राहक झाली. आता खेळ खात्याला बांधलेला असल्यामुळे डिस्क शेजाऱ्याला दिली तरी ती त्याच्या उपयोगाची नाही. या बदलाने आमच्यासारख्या गावांचे किती नुकसान झाले, हे विक्रीच्या आकड्यांत कधीच दिसणार नाही, म्हणून ते मी इथे मुद्दाम नोंदवते.

आपल्या ग्राहक सेवेने मला दिलेल्या उत्तरात ‘उद्योगातील प्रचलित पद्धत’ असा शब्दप्रयोग केला आहे. त्या पद्धतीविषयी मी वाचत असते आणि ती सर्वत्र निमूटपणे मान्य झालेली नाही, हे आपल्यालाही माहीत असणार. युबिसॉफ्टचा 2014 मध्ये आलेला ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ 31 मार्च 2024 रोजी सर्व्हरसह बंद झाला, आणि एकट्याने खेळणाऱ्यांनाही तो उघडता येईनासा झाला. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. युरोपीय संघात याविषयी कायदा व्हावा म्हणून मांडलेल्या नागरिक उपक्रमावर जुलै 2025 पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला प्रत्यक्षात केवळ परवाना मिळत असेल तर डिजिटल स्टोअरने ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी करा’ असे म्हणू नये. स्टीम या स्टोअरने तर त्याआधीच, ऑक्टोबर 2024 मध्ये, पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना लावली. आपल्या स्टोअरच्या भारतीय पानावर मात्र आजही ‘खरेदी करा’ एवढेच बटण आहे.

सर्व्हर कायम चालू ठेवण्याचा खर्च परवडणारा नाही, हे आपले म्हणणे मला मान्य आहे आणि मी तशी मागणीही करत नाही. कोणतीही कंपनी एखादा खेळ अनंत काळ सांभाळू शकत नाही. पण सर्व्हर बंद करणे आणि खेळ बंद करणे या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवता येतात हे याच उद्योगातल्या इतर कंपन्यांनी करून दाखवले आहे. सोनीने ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’चे सर्व्हर 31 जानेवारी 2024 रोजी बंद केले, परंतु त्यापूर्वी अपडेट देऊन खेळाचा बहुतांश भाग ऑफलाइन खेळता येईल अशी व्यवस्था केली. ‘रेडफॉल’ हा खेळ बाजारात अपयशी ठरला, त्याचा स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय झाला, तरीही मे 2024 मधील शेवटच्या अपडेटमध्ये त्याला ऑफलाइन पर्याय मिळाला. ‘नॉकआउट सिटी’ तर पूर्णपणे अनेकांनी मिळून खेळायचा खेळ होता; 2023 मध्ये तो बंद करताना खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देण्यात आली. इतकेच काय, ज्या युबिसॉफ्टवर ‘द क्रू’मुळे टीका झाली त्यांनीही 2025 मध्ये ‘द क्रू 2’ ऑफलाइन खेळण्याची सोय दिली. आणि जिथे खेळ वाचवणे शक्य नव्हते तिथे पैसे परत दिले गेले: सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ 23 ऑगस्ट 2024 रोजी आला, 6 सप्टेंबरला बंद झाला, आणि विकत घेणाऱ्यांना परतावा मिळाला. बंद पडलेल्या स्टुडिओला जे जमले ते आपल्यासारख्या, आजही नवे खेळ जाहीर करणाऱ्या कंपनीला जमू नये, हे मला पटत नाही.

आमच्या किनाऱ्यावर लेबलाचे महत्त्व लोक चांगले ओळखतात. कोकणातल्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याआधी आणि नंतरही परप्रांतातला आंबा ‘हापूस’ म्हणून पेटीत भरून विकणाऱ्यांविरुद्ध इथले बागायतदार सातत्याने झगडत आले आहेत, कारण पेटीवर जे लिहिले आहे तेच आत असले पाहिजे, एवढीच त्यांची मागणी आहे. माझीही मागणी तितकीच साधी आहे. ठरावीक मुदतीचा वापर विकायचा असेल तर तो त्याच नावाने, मुदत लिहून आणि त्या मुदतीला साजेशा किमतीत विका. मुदत ठाऊक असती तर मी कदाचित निम्म्या किमतीत आनंदाने घेतला असता. पण मुदत कंपनी नंतर ठरवणार आणि किंमत मात्र ग्राहक आधीच पूर्ण भरणार, हा व्यवहार एकतर्फी आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार वस्तूबाबत महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे ही दिशाभूल ठरते आणि अनुचित व्यापारी प्रथेविरुद्ध दाद मागता येते. ही तक्रार मला माझ्या राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे रत्नागिरीतच, दाखल करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी तिला शुल्क नाही. पूरक भाग मी आपल्या ऑनलाइन स्टोअरमधून घेतले असल्यामुळे ई-कॉमर्स नियम, 2020 लागू होतात. त्यांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. आपल्या अटी-शर्तींमध्ये ‘कंपनी कधीही सेवा बंद करू शकते’ हे कलम आहे, ते मी वाचले आहे. परंतु ते कलम खोके उघडून, डिस्क घालून, खाते तयार केल्यानंतर पडद्यावर आले, जेव्हा दुकानदार डिस्क परत घेत नव्हता. खरेदी झाल्यावर दाखवलेली अट मी खरेदीपूर्वी मान्य केली असे आपण म्हणू शकत नाही.

यास्तव माझी विनंती अशी आहे की सर्व्हर बंद करण्यापूर्वी खेळाला असे अपडेट द्यावे, ज्यायोगे परवाना तपासणीशिवाय तो सुरू होईल, प्रगती कन्सोलवरच जतन होईल आणि आधी आपल्याकडे जतन असलेली आमची प्रगती उतरवून घेता येईल. हे अपडेट वर्षअखेरीच्या किमान दोन महिने आधी उपलब्ध असावे, जेणेकरून आमच्यासारख्या संथ लाइनवरच्या ग्राहकांनाही ते घेता येईल. हे तांत्रिकदृष्ट्या शक्य नसल्यास तसे कारणांसह लेखी कळवावे आणि खेळाचे व दोन्ही पूरक भागांचे पूर्ण पैसे परत करावेत. शिवाय आपले जे खेळ यापुढे भारतात खोक्यात विकले जातील त्यांच्या दर्शनी भागावर, डिस्कवर पूर्ण खेळ आहे की नाही आणि तो सर्व्हरशिवाय चालेल की नाही, हे मराठीसह भारतीय भाषांत वाचता येईल अशा अक्षरांत छापावे. शेवटची मागणी माझ्या व्यक्तिगत लाभाची नाही, पण माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

कृपया या वेळी ठरावीक साच्यातले उत्तर न पाठवता प्रत्येक मागणीवर स्वतंत्र उत्तर द्यावे. एका महिन्यात ते न मिळाल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा आयोगाकडे जाणार आहे. खरेदीची पावती, पूरक भागांच्या देयकांच्या प्रती, खोक्याच्या मागच्या बाजूचे छायाचित्र आणि आपल्याकडून आलेला ईमेल सोबत जोडला आहे.

आपली,
तक्रारदार ग्राहक
(नाव व पत्ता आपल्याकडील नोंदणीकृत खात्याप्रमाणे)
तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी