लॉनऐवजी स्ट्रॉबेरी लावा, पण जात विचारून

संपादक साहेब, नमस्कार,

बागकाम पुरवणीतला लॉनला पर्याय सांगणारा लेख वाचला, चांगला होता, पण त्यात "स्ट्रॉबेरीही लावता येईल" एवढं एका ओळीत उरकलंय आणि ते जरा खटकलं. कारण कुठली स्ट्रॉबेरी हाच तर खरा प्रश्न आहे ना!

दुकानात मिळते ती मोठी स्ट्रॉबेरी मुळात संकर आहे. चिलीची एक जात, उत्तर अमेरिकेची दुसरी, दोघींची गाठ अठराव्या शतकात युरोपातल्या बागांमध्ये पडली. तिला खतपाणी लागतं, दोनतीन वर्षांनी रोपं बदलावी लागतात, म्हणजे जमीन झाकायला लावून विसरून जावं असलं हे झाड नाही. त्या कामाला रानटी जाती बऱ्या. चिलीची जी मूळ जात आहे, फ्रॅगारिया चिलोएन्सिस, ती समुद्रकाठच्या वाळूत वाढते, पानं जाड आणि चकचकीत, खारा वारा सोसते, रनर, म्हणजे जमिनीवर सरपटत जाऊन नवी रोपं धरणाऱ्या फांद्या, टाकत टाकत चटईसारखी पसरते. फळं मात्र टोपलीभर मिळतील अशी आशा ठेवू नका.

थोडी सावली असेल तर वेस्का, म्हणजे जंगली स्ट्रॉबेरी. फळ नखाएवढं पण वास असा की मोठी स्ट्रॉबेरी फिकी वाटावी. हिचाच अल्पाइन प्रकार रनर जवळजवळ टाकतच नाही, एका जागी झुपका करून बसतो, त्यामुळे वाफ्याच्या कडेला मस्त, पण मोठी जागा झाकायची तर रोपं जवळजवळ, फूटभरावर लावावी लागतात. बी मातीवर नुसतं भुरभुरायचं, खोल गाडायचं नाही, त्याला उजेड लागतो. पांढऱ्या फळांचे प्रकारही आहेत, पिकलेलं फळ लाल दिसत नसल्याने पक्षी त्याकडे कमी वळतात, हे मला फार आवडतं.

सगळ्यात गोंधळ होतो तो मस्क स्ट्रॉबेरीत, म्हणजे मोस्काटा. चवीला मी हिला पहिला नंबर देईन, आणि पसरते पण जोरात. पण हिच्यात नर झाडं वेगळी आणि मादी वेगळी. रनरमधून येणारं प्रत्येक रोप आईसारखंच, त्यामुळे एकच मादी रोप आणून अख्खा वाफा भरला तरी जवळ नर नसेल तर फळ धरत नाही, आणि माणूस खत बदलत बसतो. चिलोएन्सिसमध्येही बहुधा हाच प्रकार असतो. आता नर्सरीच्या लेबलवर नुसतं "स्ट्रॉबेरी" लिहिलं तर हे कळणार कसं? रोप विकताना जातीचं नाव आणि नर की मादी एवढं तरी लिहायला काय हरकत आहे, सांगा.

त्यात कधीकधी पिवळ्या फुलांची नकली स्ट्रॉबेरीही खपवतात. फळ लालभडक, वर तोंड करून उभं, चवीला अगदी पाणी. विषारी नाही पण खायला लावायची तर उपयोग काय, आणि एकदा पसरली की काढता काढता नाकी नऊ. वर सांगितलेल्या तिन्ही जातींची फुलं पांढरी असतात, तेवढं बघून घेतलं तरी फसवणूक टळते.

पुढच्या लेखात प्लीज जातींची नावं छापा. आणि एक, टोमॅटो, बटाटा, वांगी होती त्या जागेत लगेच लावू नका असंही लिहा, त्या पिकांचा मुळांतून शिरणारा मर रोग मातीत राहतो आणि स्ट्रॉबेरीलाही लागतो. आणि लॉनचा पर्याय म्हटलं की लोक वर चालायला लागतात, तर चालायची वाट वेगळी सोडा, ही रोपं रोजची तुडवण सहन करत नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक