गल्फमधून परत आलेल्यांचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्रेन ड्रेनवर, म्हणजे शिकलेली हुशार माणसं परदेशी निघून जाण्यावर, पेपरात बरंच येतं. परदेशातले शास्त्रज्ञ परत यावेत म्हणून रामानुजन फेलोशिप आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी थोडे महिने इथे येऊन काम करावं म्हणून २०१७ मध्ये वज्र योजना आली, ते सगळं हवंच. पण आमच्या राजापूर-रत्नागिरीकडून मस्कत, दोहा, कुवेतला गेलेला फिटर, वेल्डर, एसी मेकॅनिक परत आला की त्याचं काय, हे कुणी विचारतच नाही.

मी १९ वर्षं मस्कतला चिलर प्लांटवर, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या मोठ्या मशीनवर होतो, कोरोनात परत आलो. त्या वेळी केंद्राने 'स्वदेस' नावाने परतलेल्यांच्या स्किलची नोंद सुरू केली, म्हणजे कंपन्यांना माणसं मिळावीत, पण आमच्याकडे कंपन्या आहेत किती? इथे स्वतःचाच धंदा टाकावा लागतो. मी लोन मागायला गेलो तर अनुभवाचा दाखला अरबीत आहे म्हणून चालला नाही, आयटीआयचं सर्टिफिकेट आणा म्हणाले. सेहेचाळिसाव्या वर्षी!

मागच्या सीझनला बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर बंद पडला, बर्फ करायला वापरतात त्या अमोनिया गॅसचा वास पार वाडीपर्यंत, होड्या बर्फाविना खोळंबलेल्या आणि मालक कोल्हापूरच्या मेकॅनिकची वाट बघतोय. मी गॅस मास्क लावून आधी व्हॉल्व बंद केले, बघतो तर शाफ्ट सील, म्हणजे फिरत्या दांड्यापाशी गॅस अडवणारं सील, गेलेलं. नवीन सील कारखान्यातच पडून होतं, बसवणारा नव्हता. रात्री अकराला मशीन चालू झाली.

केरळने १९९६ मध्येच परदेशातल्या आपल्या माणसांसाठी नोर्का हे वेगळं खातं काढलं. दोन वर्षं बाहेर काढून परतलेल्याला धंद्यासाठी ३० लाखांपर्यंतचं कर्ज आणि १५ टक्के सबसिडी मिळते. महाराष्ट्राने एवढं तरी करावं, आणि दाखला चालत नसेल तर आयटीआयमध्ये दोन दिवस हातात पाना द्या, परीक्षा घ्या, आम्ही तयार आहोत.

आणि परत आला म्हणजे कायमचाच आला पाहिजे अशी अटही नको. कोकण जाऊन-येऊनच जगलंय, चाकरमानी गणपतीला येतात नि जातात, आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात नि पावसाच्या तोंडावर परत जातात. तसंच एखाद्याने सहा महिने इथे धंदा केला, सहा महिने मस्कतचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं तर त्याचं कर्ज, सबसिडी अडू नये.

माझा पुतण्या गणपती झाले की मस्कतला निघालाय. त्याला सांगितलंय, प्रत्येक कंपनीचा दाखला इंग्रजीत घे आणि तिथल्या आपल्या एम्बसीचा शिक्का मारूनच आण.

आपला एक वाचक,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी