अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातल्या निवडणुकांचे प्रमुख अधिकारी) ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना खुलं पत्र

रॅफेन्सपर्गर साहेब, नमस्कार. हे पत्र मतदार यादीतल्या आपल्या लोकांच्या नावांवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांबद्दल आहे.

तुम्ही जॉन्स क्रीकचे, त्यामुळे अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरांत काय बदललंय ते तुम्हाला माहितीये. 2018 ला सेक्रेटरी ऑफ स्टेटसाठी उभं राहायला तुम्ही स्टेट हाऊसची (राज्याच्या विधानसभेची) 50 नंबरची सीट सोडलीत आणि ती लगेच डेमोक्रॅट्सकडे गेली. अटलांटाजवळच्या ग्विनेट आणि कॉब या काउंटींचं (जिल्ह्यांचं) ही तेच, 1976 ला डेमोक्रॅट कार्टरना मत दिलं आणि मग थेट 2016 ला हिलरी क्लिंटनना, मधली चाळीस वर्षं दोन्ही काउंटी पक्क्या रिपब्लिकन. फोरसाइथ काउंटीमध्ये अजूनही रिपब्लिकनच जिंकतात, पण 2012 ला त्यांचे अध्यक्षपदाचे उमेदवार रॉम्नींना 80 टक्क्यांच्या आसपास मतं होती ती 2020 ला ट्रम्पना 66 च्या घरात आली. ज्या फोरसाइथमधून 1912 साली काळ्या कुटुंबांना हाकलून दिलं गेलं तिथे आज सकाळी आपली मराठी, तेलुगू, गुजराती पोरं स्कूल बससाठी उभी असतात आणि त्यांचे आईवडील आता मतदार आहेत.

पण हे मतदार कुणाच्या खिशात नाहीत हो. 2024 ला ट्रम्प जॉर्जियात लाखाहून जास्त मतांनी जिंकले, तरी दक्षिणेकडची हेन्री काउंटी डेमोक्रॅट्सकडे अजून सरकली. नोव्हेंबर 2025 मध्ये विजेच्या बिलांचा विषय तापला आणि वीजदर ठरवणाऱ्या पब्लिक सर्व्हिस कमिशनच्या, निवडणूक झालेल्या दोन्ही सीट डेमोक्रॅट्सनी 60 टक्क्यांच्या वर मतं घेऊन काढल्या. लोक विचार करतात, मत बदलतात, यात संशय घेण्यासारखं काहीच नाही.

संशय मात्र घेतला जातो, आणि राग त्याचाच येतो. जॉर्जियाच्या 2021 च्या कायद्याने एक मतदार मतदार यादीतल्या दुसऱ्या कितीही मतदारांच्या नावावर आक्षेप घेऊ शकतो, 2022 ला एकट्या ग्विनेटमध्ये हजारो नावांवर घेतले गेले. आता आपल्या लोकांची नावं बघा, मधे वडलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव, पासपोर्टवर ते पहिल्या नावाला जोडलेलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त एक अक्षर, आणि सत्तरीत सिटीझन झालेल्या आजींना इंग्रजीतलं सरकारी पत्र आलं की त्या घाबरून मुलगा घरी येईपर्यंत उघडतसुद्धा नाहीत, तोवर सुनावणीची तारीख निघून गेली तर?

2020 ला जॉर्जियात बायडन ट्रम्पपेक्षा फक्त 11,779 मतांनी पुढे होते, तुम्ही 50 लाख मतं हाताने मोजून घेतलीत आणि स्वतःच्याच रिपब्लिकन पक्षाचा एवढा दबाव असूनही हटला नाहीत. आमच्या घरात तुमच्याबद्दल आदर आहे तो त्यामुळेच.

आक्षेपांचा निर्णय काउंटी बोर्ड घेतं हे मान्य, पण 159 काउंटींना सूचना तुमच्या ऑफिसातून जातात. नोव्हेंबर 2026 च्या आधी एवढं लिहून पाठवा की नावाच्या स्पेलिंगमधला किंवा मधल्या नावातला फरक एवढ्यावरून कुणाचं नाव काढायचं नाही, आणि ज्याच्यावर आक्षेप आलाय त्याला पत्रासोबत फोनही करायचा.