आईला तो प्रश्न विचारलात म्हणून

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

रोज इतके पेशंट बघता, त्यात माझी आई तुमच्या लक्षात असेलच असं नाही. बाकावर जुना टॉवेल घडी करून त्यावर बसली होती, ती. डाग पडेल या भीतीने ती वर्षभर सगळीकडे तो टॉवेल नेत होती.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तिला २५ शेक, म्हणजे बाहेरून रेडिएशन, झाले, नंतर आतून रेडिएशन झालं. कॅन्सर गेला. दीड वर्षाने शौचावाटे रक्त सुरू झालं. आधी जिथे दाखवलं तिथे मूळव्याध म्हणून मलम मिळालं आणि त्या मलमात सात महिने गेले. हिमोग्लोबिन सातवर आलं.

तुम्ही आधी माझ्या भावाला बाहेर पाठवलंत आणि मग विचारलंत, "मावशी, दिवसातून किती वेळा जावं लागतं? कपड्यांना लागतं का?" आईने मान खाली घातली आणि रडायला लागली. "दहा-बारा वेळा," म्हणाली. एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

दुर्बिणीतून तपासताना तुम्ही मला स्क्रीनवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रक्तवाहिन्या दाखवल्यात. गुदाशय गर्भाशयमुखाला अगदी खेटून असतं, त्यामुळे त्यालाही किरण लागतात. आतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत जातात आणि त्यांच्या जागी नाजूक नव्या फुटतात. त्या जरा धक्का लागला की वाहतात. तुकडा काढून तपासायचं मात्र तुम्ही टाळलंत, अशा जागी केलेली जखम सहज भरत नाही म्हणालात. त्या क्षणी माझा तुमच्यावर विश्वास बसला.

मला वाटलं, आता महागडी इंजेक्शनं. तुम्ही लिहून दिलंत सुक्राल्फेट! बाबा अल्सरसाठी घेतात तेच. ते जखमेला चिकटून वर थर धरतं, म्हणून पोटात न देता खालून द्यायचं. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला ३७ रुग्णांवरचा अभ्यासही तुम्ही सांगितलात. एका गटाला सल्फासालाझिन या सूज कमी करणाऱ्या औषधाच्या गोळ्या आणि स्टेरॉइडचा एनिमा, म्हणजे गुदद्वारातून आत सोडलेलं पातळ औषध, दुसऱ्याला सुक्राल्फेटचा एनिमा. बरं दोघांनाही वाटलं, पण सुक्राल्फेटवाल्यांना जास्त. रेडिएशन चालू असताना हेच औषध तोंडाने घेऊन फायदा होत नाही, हेही न विचारता सांगितलंत.

मग तुमच्या सिस्टरनी वाटीत दोन गोळ्या विरघळवून दाखवल्या. २० मिली पाणी, पांढरं दुधासारखं. डाव्या कुशीवर झोपवायचं, सिरिंजने ते खालून आत सोडायचं, पिस्टन सावकाश दाबायचा. पहिल्या रात्री माझे हात थरथरत होते. आईच म्हणाली, "कर गं, मला काही होत नाही."

चौथ्या आठवड्यात रक्त जवळजवळ थांबलं. अजून अधूनमधून ठिपका दिसतो, तसं होईल हे तुम्ही सांगितलंच होतं. मागच्या महिन्यात आई एसटीने चार तासांवर मावशीकडे गेली. टॉवेल घरीच राहिला, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनाही शेक झालेत आणि त्याही मूळव्याधीचं मलम लावताहेत. पुढच्या सोमवारी त्यांना घेऊन येते. त्या आपणहून बोलायच्या नाहीत. मुलाला बाहेर पाठवून तुम्हीच विचारा.

तुमची ऋणी,
एका पेशंटची मुलगी