भिंत आधी वाजवून बघणाऱ्या दादांना जाहीर धन्यवाद

नमस्कार दादा,

काम उरकलं तसे तुम्ही सामान आवरून लगेच पुढच्या कामाला निघालात. नीट आभार मानायचे राहून गेले याची चुटपुट लागली आहे, म्हणून हे पत्र.

तुमच्या आधी एसीच्या पाइपासाठी भोक पाडायला जो आला होता, त्याने आतून हॅमर ड्रिल लावला आणि जोर देत नेला. बिट पलीकडे निघाला तसा बाहेरच्या गिलाव्याचा पंजाएवढा ढलपा टेक्श्चरसकट खाली आला. वर आम्हालाच ऐकवलं, "भिंतच कच्ची आहे तुमची." भोकाचा उतारही त्याने आतल्या बाजूला दिला. पावसाचं पाणी पाइपाच्या कडेने खोलीत उतरलं, रंग फुगला आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. नंतर ज्यांना विचारलं त्यांचंही एकच, बाहेरून थोडं तुटणारच! का तुटणारच? घर ज्याचं असतं, त्याला तो तुटका तुकडा रोज दिसतो.

तुम्ही मात्र ड्रिल पिशवीतून काढायच्या आधी बाहेरची बाजू बघायला मागितलीत. शिडीवर चढून बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत गेलात. खुणेच्या जागी थांबलात, खाली उतरलात, शिडी घट्ट धरलीत आणि मला म्हणालात, "तुम्हीच वाजवून बघा." खुणेवर आवाज पोकळ, चार बोटं बाजूला टणक. तिथे गिलावा विटेपासून सुटलेला होता, कितीही हळू चालवलं असतं तरी ढलपा पडलाच असता. भोक चार बोटं सरकलं.

पुढे बारीक बिटने आरपार वाट काढून दोन्हीकडून कोअर कटर, म्हणजे गोल भोक कापणारं पोकळ पातं, चालवलंत, उतार बाहेरच्या बाजूला दिलात, सिलिकॉन भरण्याआधी भोकातली धूळही झाडलीत. हे सगळं उत्तमच. पण मला शिडीवर चढवून तो आवाज ऐकवलात, ते मी विसरणार नाही. घरमालकाला काय कळतंय, असं तुम्हाला वाटलं नाही. मालक जिथे कधी डोकावणार नाही तिथेही हात आखडता न घेणारी माणसं आहेत, हे बघून फार बरं वाटलं.

आधीच्या त्या भोकाची डागडुजी अजून बाकी आहे. ती तुमच्याच हातून व्हावी अशी इच्छा आहे. सवडीने या, आम्ही थांबू.

मनापासून धन्यवाद.