वाघ जपणाऱ्या शहरात प्रवाळाचे सांगाडे

महोदय,

दिवाळीच्या सुट्ट्यांत नागपूरची कितीतरी कुटुंबे तारकर्ली, अंदमान, रामेश्वरमला जातात. परतताना शंख-शिंपल्यांबरोबर एखादा पांढराशुभ्र, फांद्याफांद्यांचा तुकडा पिशवीत येतो आणि दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये बसतो. ओळखीच्या घरी तो दिसला की मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

लोक त्याला समुद्रातला दगड समजतात. तो प्रवाळाचा सांगाडा आहे. जिवंत प्रवाळ तपकिरी, हिरवट, जांभळट दिसते. हजारो इवलेसे जीव चुन्याच्या घरात एकत्र राहतात आणि त्यांच्या शरीरातली सूक्ष्म शैवाले त्यांना रंग आणि बहुतेक अन्न पुरवतात. घुमटासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. म्हणजे मुठीएवढा गोळा व्हायला किती वर्षे लागली असतील, हे आपणच मोजावे.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्याच अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत, वाघ आहे. प्रवाळभित्ती, म्हणजे समुद्रातले चुन्याचे खडक, रचणारी प्रवाळेही त्याच अनुसूचीत आहेत. वाघाचे नख कुणी घरात मांडले तर या शहरात खळबळ उडेल. प्रवाळ मात्र आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो!

समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जरी काही आठवडे जास्त तापले, तरी प्रवाळ ती शैवाले बाहेर टाकते, पांढरे पडते, उपाशी राहते. ४५ अंशांचे ऊन सोसणाऱ्या आपल्याला एक अंश क्षुल्लक वाटतो. पण १९९८ मध्ये अशाच तापलेल्या पाण्याने लक्षद्वीपची प्रवाळे मोठ्या प्रमाणावर मेली, आणि ती बेटे तर प्रवाळांवरच उभी आहेत. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत प्रवाळभित्ती आहेत. सुमारे पाव सागरी प्रजातींना आसरा त्यांचाच. उष्णतेतून जे वाचले, त्यावर निदान आपला पाय आणि हात तरी पडू नये. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे स्नॉर्केलिंग करताना दम लागला म्हणून प्रवाळावर उभे राहू नका, आणि नावाडी त्यावर नांगर टाकत असेल तर त्याला नम्रपणे अडवा.

राज्याच्या वनखात्याचे मुख्यालय आपल्याच शहरातल्या वनभवनात आहे. खात्याने सुट्ट्यांआधी शहरातली शोभेच्या वस्तूंची आणि मत्स्यालयाची दुकाने तपासावीत, आणि घरोघरी पडून असलेल्या जुन्या तुकड्यांचे काय करायचे हे जाहीरपणे सांगावे.

एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
प्रतापनगर, नागपूर