फिरत्या रेकॉर्डिंग स्टुडिओऐवजी स्पंज लावलेली गाडी दिल्याबद्दल तक्रार

अमळनेर, जि. जळगाव
दि. १२ मे २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
वाहन रूपांतर विभाग

विषय : जुन्या कॅम्पर व्हॅनचे फिरत्या रेकॉर्डिंग स्टुडिओत केलेले सदोष रूपांतर

महोदय,

माझी २०१३ सालची कॅम्पर व्हॅन मी जानेवारीत तुमच्या वर्कशॉपला दिली आणि २२ एप्रिलला ताब्यात घेतली. ठरलेल्या ४,८५,००० रुपयांपैकी ४,१०,००० तुम्हाला पोचले आहेत. उरलेले पैसे का थांबवले, ते या पत्रातून कळेल. फोनवर मी हे तीनदा सांगितले. तिन्ही वेळा वेगळा माणूस होता आणि तिन्ही वेळा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

गाडी कशासाठी हवी होती हे तुमच्या माणसाला बसवून समजावले होते. मी गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायकांची अहिराणी गाणी रेकॉर्ड करतो. आखाजीची (अक्षय तृतीयेची) गौराईची गाणी, कानबाई या खान्देशातल्या देवीची गाणी. या बायका जळगावच्या स्टुडिओत येत नाहीत, आल्या तरी काचेपलीकडे माणूस दिसला की त्यांचा आवाजच फुटत नाही. उघड्यावर रेकॉर्ड करायचे तर आखाजीला गावात एकीकडे पत्त्यांचे डाव, दुसरीकडे डीजे आणि मधून ट्रॅक्टर. म्हणून त्यांच्याच दारात उभी राहील अशी बंद, शांत खोली मला हवी होती.

यंदा आखाजी ३० एप्रिलला होती. पारोळ्याजवळच्या एका खेड्यात सत्तरी ओलांडलेली एक मावशी गाडीत येऊन बसली. इंजिन बंद, दार बंद. तिने गाणे धरले आणि हेडफोनमध्ये तिच्या आवाजाखाली एकसारखी घरघर सुरू झाली. बाहेरच्या ट्रॅक्टरचा चालक गिअर कधी बदलतो तेही मला ऐकू येत होते. मी हेडफोन तिच्या कानाला लावला, तर म्हणाली, "भाऊ, तुना डबामा भुंगा शिरना का रे?" दुसरे कडवे चालू असताना छताचा स्पंज सुटला आणि थेट तिच्या मांडीवर पडला. ती हसली. मला हसू आले नाही.

घरी येऊन मी चाकावरचे एक पॅनल खोलले. कोटेशनमध्ये ५० मिमी जाडीचे, ६४ डेन्सिटीचे रॉकवूल (दगडी तंतूंचे दाट अस्तर) आणि त्यावर १२ मिमी प्लाय लिहिले आहे. आत निघाले थर्माकोल, आणि तेही सगळीकडे नाही. वरून काळा स्पंज चिकटवला की झाले साउंडप्रूफिंग, अशी तुमच्या कारागिरांची समजूत दिसते. स्पंज आतल्या आवाजाचा घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. तो अडवायला वजनदार भिंत लागते आणि फट बिलकूल चालत नाही. दाराला दुहेरी रबर ठरले होते, एकेरीच आहे. हवेसाठी आतून अस्तर दिलेला नागमोडी डक्ट ठरला होता. त्याऐवजी तुम्ही पत्र्याला भोक पाडून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बसवलात. तो बंद ठेवला तर दहा मिनिटांत आतला माणूस उकडून निघतो, चालू ठेवला तर पंखाच रेकॉर्ड होतो.

भुंग्याचेही कारण सापडले. इन्व्हर्टर बंद करून लॅपटॉप आणि इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारे यंत्र) त्यांच्याच बॅटरीवर चालवले, तर घरघर साफ गेली. इन्व्हर्टरच्या मागे स्टिकर आहे : मॉडिफाइड साइन वेव्ह, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीची वीज. पैसे तुम्ही प्युअर साइन वेव्हचे, म्हणजे गुळगुळीत लहरीचे घेतलेत.

सगळ्यात गंभीर बाब बॅटरीची आहे. २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी ठरली होती. तुम्ही दिल्यात दोन ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटऱ्या, त्याही गाणारी जिथे बसते त्या बाकाखाली. चार्जिंग होताना अशा बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बंद केबिनमध्ये तो साचला तर एका ठिणगीने काय होईल, हे वर्कशॉप चालवणाऱ्याला मी सांगायचे का? शिवाय शंभर किलोच्या वरचे ते वजन एकाच बाजूला असल्याने गाडी डावीकडे झुकते.

स्पंजाबद्दल तुमचे उत्तर असे, की "खान्देशात ऊन जास्त आहे, गोंद सुटणारच." पत्ता मी पहिल्याच दिवशी अमळनेरचा दिला होता, महाबळेश्वरचा नाही.

कागदांचेही तसेच. आरटीओची मंजुरी आणि आरसीवरील नोंद तुम्ही करून देणार होतात. आरसीत अजून सात आसने आहेत, गाडीत तीन उरली आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ चे वाहनातील फेरबदलांविषयीचे कलम ५२ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल आणि भोगेन मी.

माझी चूक एवढीच, की ताबा घेताना आत बसून रेकॉर्डिंग करून पाहिले नाही. शेजारी ग्राइंडर चालू होते आणि तुमचा माणूस सहीसाठी घाई करत होता. मी सही केली.

आता माझे म्हणणे. दोन्ही बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर आधी बदला, तोवर मी गाडीत कुणालाही बसवणार नाही. भिंती, छत आणि दार कोटेशनप्रमाणे नव्याने करा आणि पॅनल बंद करण्याआधी मला आतले रॉकवूल दाखवा. डक्ट करा, आरटीओचे काम पुरे करा. हे जमत नसेल तर तसे लेखी कळवा आणि पैसे परत करा, मी दुसरीकडे करून घेईन. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. कोटेशन, पावत्या, खोललेल्या पॅनलचे फोटो आणि भुंग्यासकट ते रेकॉर्डिंग सोबत पेन ड्राइव्हमध्ये आहे. ते हेडफोन लावून ऐका.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. मावशीने पुन्हा गायचे कबूल केले आहे, पण तिला दम्याचा त्रास आहे आणि पावसाळ्यात तो वाढतो. त्याआधी गाडी तयार हवी.

गाडी माझ्या दारात निंबाखाली उभी आहे. माणसे पाठवाल तर आदल्या दिवशी फोन करा आणि निदान दोघांना पाठवा, त्या बॅटऱ्या एकट्याने उचलत नाहीत.

आपला ग्राहक,
(सही)